मालगुजाराची पेशी

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, सरकारने कायदा करून काढून टाकली त्याला बरीच वर्षे झाली होती, तरी नागपूरच्या महालातल्या आमच्या गल्लीत एक मालगुजार शिल्लक होता. तो विहिरीत राहायचा. जातीने कतला मासा. डोके मोठे, तोंड वर वळलेले आणि कुणीतरी काहीतरी आणून द्यावे अशा अपेक्षेने कायम उघडे. काम काही नाही, वस्ती पक्की आणि दर्शन मर्जीनुसार. हे नाव कुणी ठेवले ते आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचा खऱ्या मालगुजारांशी जवळून परिचय असावा.

त्याला विहिरीत सोडले होते ते पाण्यातले किडे खायला. आमच्याकडची जुनी पद्धत. विहीर उपसून झाली की तिच्यात एखादे कासव नाहीतर मासा सोडायचा. मग पाण्याची काळजी त्याने करायची आणि त्याची काळजी माणसांनी. पुढे गल्लीत नळ आले. नळ पहाटे थोडा वेळ यायचा आणि उरलेला दिवस नुसता सूं सूं करायचा, पण नळ तो नळ. विहिरीवर पाणी भरणे हे मागासलेपणाचे लक्षण ठरले आणि पुढारलेले लोक कोरड्या बादल्या घेऊन नळापाशी बसू लागले.

दोन बाया मात्र विहिरीला धरून राहिल्या. एक रुखमाबाई. काटोलकडून लग्न होऊन आलेल्या, गल्लीत सगळ्यांत वडील. नळाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही असे त्यांचे मत होते आणि रुखमाबाईंचे मत बदललेले आजवर कुणी पाहिले नव्हते. दुसऱ्या सुमतीबाई. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. शाळेत प्रयोगशाळेची खोली होती, पण तिच्यात स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या ठेवलेल्या होत्या, आणि खुर्च्या हलवल्या तर कुठे ठेवायच्या हा प्रश्न शाळेला सुटत नव्हता. तेव्हा सुमतीबाईंनी अर्ज करणे थांबवले आणि विहीर हीच प्रयोगशाळा असे जाहीर केले.

हिवाळ्यात त्या आठवीच्या मुली घेऊन यायच्या. विहिरीपासून चांगल्या अंतरावर विश्वनाथपंतांचा ओटा होता. त्या ओट्याखाली चपला काढायच्या. तिथून पुढे बोलायचे नाही, पळायचे नाही, टाच आपटायची नाही. मुली मांजरीसारख्या चवड्यांवर येऊन कठड्याभोवती उभ्या राहायच्या. एखादीला हसू फुटायचे. तिला परत चपलांपाशी पाठवले जायचे. मग सुमतीबाई कणकेची गोळी पाण्यात अलगद सोडायच्या. आधी काहीच दिसायचे नाही. मग खालच्या काळोखाला कडा यायची, कडेला खवले यायचे आणि मालगुजार वर येऊन मुलींकडे वसुलीला आल्यासारखा बघायचा.

धडा मात्र चपलांपाशी परतल्यावर.

"त्याच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत रेघ दिसली? ती नुसती रेघ नाही. बारीक छिद्रांची ओळ आहे. आत केसांसारखे तंतू असतात, त्यांच्यावर जेलीसारखी टोपी. पाणी जरासं सरकलं की टोपी कलते आणि त्याला कळतं की कोणीतरी आलं, अमुक बाजूनं आलं."

"म्हणजे कान का, बाई?" गोपिका नावाच्या मुलीने एकदा विचारले.

"कान त्याला वेगळे आहेत. डोक्याच्या आत, बाहेरून दिसत नाहीत. ही रेघ म्हणजे ऐकणं आणि शिवणं यांच्या मधलं काहीतरी. डोळे मीट. हात पुढे कर." आणि सुमतीबाईंनी तिच्या मनगटावरच्या लवेवर हळूच फुंकर घातली. "काही दिसलं?"

"नाही बाई."

"ऐकू आलं?"

"नाही."

"मग?"

"कळलं," गोपिका म्हणाली.

"तसंच त्याला कळतं. सगळ्या अंगाला, सगळ्या बाजूंनी. जमिनीवर पाय आपटलात तरी विहिरीच्या दगडातून ते पाण्यात उतरतं. म्हणून चपला काढायच्या. देवभक्ती म्हणून नाही."

असे चालले होते. मग चंपतरावांनी विहिरीच्या अगदी भिंतीला लागून आटाचक्की टाकली.

चंपतराव म्हणजे आमच्या वॉर्डाचे पुढारी. निवडून आलेले नव्हते, पण येणार होते, आणि कित्येक वर्षे येणारच होते. चक्कीची मोटर सुरू झाली की आमच्या फळीवरचे पेले एकमेकांना भेटायला निघायचे. पट्टा फटफटायचा, जाते घरघरायचे आणि जमीन पायाखाली बारीक थरथरत राहायची. माणसाला सगळ्याची सवय होते. आम्ही पेले फळीच्या आतल्या बाजूला सरकवले. मालगुजाराला सरकायला जागा नव्हती. तो तळाशी गेला आणि तिथेच राहिला.

लोक म्हणाले, मासा मेला. रुखमाबाई म्हणाल्या, मेला असता तर वर आला असता. सुमतीबाई रोज विहिरीवर जायच्या. त्या बघत राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आले की मंगळवारी चक्की बंद असते आणि मंगळवारी मालगुजार वर येतो. त्यांनी आठवीचा तास मंगळवारी घेतला आणि बाकीच्या दिवशी चक्कीला दुरूनच नमस्कार केला.

पुढच्या हिवाळ्यात विहिरीच्या कठड्यावर एक नोटीस चिकटली. अमुक विहीर मृत व निरुपयोगी असून ती बुजवून त्या जागी सार्वजनिक रंगमंच बांधण्यात येईल. हरकत असल्यास कळवावे. नोटीस कोणत्या खात्याची होती ते सांगत नाही, माझी पेन्शन अजून चालू आहे. रंगमंचाला चंपतरावांच्या वडिलांचे नाव द्यायचे होते. वडिलांनी आयुष्यात नाटक पाहिले नव्हते, पण ते एकदा नाटकाच्या तंबूत आगपेटी विकायला गेले होते असे चंपतराव सांगत. गल्लीतल्या कर्त्या पुरुषांनी सह्या दिल्या. चंपतरावांनी चिवडा चांगला ठेवला होता.

सुमतीबाईंनी हरकत लिहिली, तीही एका ओळीत. विहीर मृत नाही, तिच्यात मासा आहे.

चंपतराव त्यांच्या दारात आले. चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखे भाव होते.

"बाई, तुमी शिकेल-सवरेल माणूस. काहून जिद्दीले पेटल्या? मासा मरून गेला, साल झालं."

"जिवंत आहे."

"मंग मले काहून नाही दिसत?"

"तुम्ही येता तेव्हा तुमची चक्की चालू असते. तो तुम्हाला टाळतो."

"माह्यावर काय राग आहे त्याचा?"

"राग नाही. त्याला तुम्ही अंगभर लागता." सुमतीबाई हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. "दिवसभर कुणी तुमच्या उशाशी मुसळ आपटत बसलं तर तुम्ही काय कराल?"

"पण बाई, मच्छीसाठी रंगमंच अडवता? लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणतील, बाईंनी अडवला."

चंपतराव हसत निघून गेले. त्यांनी खात्यात सांगून पाहणी रविवारी ठरवून घेतली. सुमतीबाईंनी मंगळवार मागितला होता. उत्तर आले की मंगळवारी साहेबांचा उपास असतो. रविवारी चक्कीवर अर्ध्या महालाचे दळण यायचे. हे चंपतरावांना ठाऊक होते. म्हणजे मासा चक्कीमुळे खाली जातो हे त्यांनी मनातून मान्य केले होते. फक्त लेखी दिलेले नव्हते. लेखी त्यांनी असे दिले होते की विहिरीत कोणताही मासा नाही, खाली सही चंपतराव.

इकडे गल्लीला आपली चूक कळली. चिवडा संपला होता आणि उन्हाळ्यात नळ जातो तेव्हा विहीरच कामी येते, हे बायकांनी घरोघरी आपापल्या कर्त्या पुरुषांच्या ध्यानात आणून दिले होते. सही मागे घेणे पुरुषांना शोभत नव्हते. म्हणून त्यांनी ठरवले की सुमतीबाईंना जाहीर पाठिंबा द्यायचा. आता नागपुरात पाठिंबा म्हणजे काय? बँड. लग्न असो, गणपती असो, निवडणूक असो, मनातली भावना ढोल बडवल्याशिवाय दुसऱ्यापर्यंत पोचते यावर आमचा विश्वासच नाही. गल्लीच्या मंडळाने कामठी रोडचा मोठा बँड सांगितला. सुमतीबाईंना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्यांना सांगितले नाही.

रविवारी साहेब जीपने आले. हे ओव्हरसियर, पुण्याकडचे. सडपातळ, चष्मा, बुटांना चकाकी. ते उतरायच्या आत बँडने सलामी दिली. विहिरीच्या एका बाजूला बँड, दुसऱ्या बाजूला चक्की, मध्ये सुरूच ठेवलेली जीप आणि गल्लीच्या मागच्या तोंडाला मुरुमाने भरलेला ट्रक. तो चंपतरावांनी निकाल लागायच्या आधीच मागवला होता, कारण ट्रक नंतर मिळत नाही. आम्ही सगळे कठड्याशी रेटारेटी करत आत बघत होतो. कुणीतरी पाठिंबा म्हणून मुरमुऱ्यांची पुडी आत उलटी केली. कुणी बादली आपटून मालगुजाराला हाक मारली.

सुमतीबाई घरातून कणकेच्या गोळ्या घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी बँडकडे पाहिले. मग आमच्याकडे पाहिले. शाळेतल्या मुली त्यांच्या या बघण्याला फार घाबरतात असे ऐकून होतो. ते खरे असावे.

साहेबांनी विहिरीत डोकावले. पाण्यावर मुरमुरे बारीक थरथरत होते.

"मासा दिसत नाही," साहेब म्हणाले.

"मी तेच सांगून राहिलो, साहेब," चंपतराव म्हणाले.

"माझ्या रिपोर्टात एकच रकाना आहे. जिवंत की मृत." साहेबांनी पेनाचे टोपण काढले. "बाई, मला काही वैर नाही. मासा दिसला असता तर मी जिवंत लिहिलं असतं."

"लिहू नका," सुमतीबाई म्हणाल्या.

"असं कसं? मी पाहिलं."

"तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही त्याला कळवलंत की आम्ही फार जण आलोय आणि फार जोरात आलोय. आधी जीप बंद करा. मग बँड जाऊ द्या. मग चक्की बंद करा. मग सगळ्यांनी पायातलं काढा आणि गप्प उभे राहा. एवढं आठवीच्या मुलींना जमतं."

जीप बंद झाली. बँडही थांबला, बँडवाल्यांना तेवढेच हवे होते. चंपतराव मात्र हलले नाहीत.

"चक्की बंद होणार नाही. रविवार आहे. बायांचं दळण अडलं तं उद्या सकाळी घरोघरी पोळ्या होणार नाही. मी काही जनतेले उपाशी ठेवणारा माणूस नाही, बाई."

हे ते मोठ्याने म्हणाले, म्हणजे चक्कीपुढे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जावे. मग ट्रकच्या ड्रायव्हरला हात केला. ट्रक घुरघुरला आणि मागे मागे येऊ लागला.

सुमतीबाई कठड्यावर चढल्या. पदर खोचला आणि विहिरीकडे पाठ करून बसल्या, जशा वर्गात टेबलाला टेकून बसत असाव्यात.

"चंपतराव, मुरूम टाका. आधी माझ्यावर पडेल, मग विहिरीत. साहेबांना दोन रकाने भरावे लागतील."

ड्रायव्हरने ट्रक थांबवला आणि इंजिन बंद करून टाकले. तो म्हणाला, "भाऊ, मी मुरूम टाकाले आलो, मास्तरीण गाडाले नाही." आणि बिडी काढली.

आता एकटी चक्की उरली. पट्टा फटफटत होता, मुरमुरे थरथरत होते. चंपतराव चक्कीच्या पायरीवर हात बांधून उभे. त्यांना माहीत होते की सुमतीबाई कठड्यावर दिवसभर बसू शकतात. आणि चक्कीही दिवसभर चालू शकते.

रुखमाबाई रांगेत उभ्या होत्या. त्यांचा डबा आता पुढे आला होता. चंपतरावांच्या नोकराने, जयवंताने, तो जात्यात ओतायला उचलला, तर रुखमाबाईंनी डब्याचे कान धरले.

"ठेव खाली."

"काकू, नंबर आला तुमचा."

"आला तं आला. नाही दळायचं मले."

"काहून?"

"आज माह्या गव्हाले उपास आहे." आणि त्यांनी डबा डोक्यावर घेतला. मागे वळून म्हणाल्या, "शामला, तुह्या गव्हाले काय आहे वं?"

शामला तरणी, नवी नवरी. तिने क्षणभर सासूकडे पाहिले. सासूने आपला डबा आधीच उचललेला होता.

"माह्याही गव्हाले उपासच आहे, काकू."

मग एकामागून एक डबे उठले. कुणी काही घोषणा दिली नाही. बायकांनी डबे उचलले, ओळीने विश्वनाथपंतांच्या ओट्यापाशी नेऊन ठेवले आणि पदराने हात पुसले. जात्यात होते तेवढे गहू संपले. रिकामे जाते दगडावर दगड घासून किंचाळू लागले.

"भाऊ, रिकामं जातं चालून राहिलं," जयवंता आतून ओरडला. "दगडाची टाकी झिजन. बंद करू का?"

चंपतरावांनी त्याच्याकडे पाठ केली.

"चंपत," रुखमाबाई म्हणाल्या. त्यांनी चंपतरावांना उघडे फिरताना पाहिले होते, त्यामुळे राव वगैरे त्या लावत नसत. "काय गा, दगडच दळतं का आता? रंगमंचाले लागन म्हणून?"

चंपतरावांनी आत हात केला आणि जयवंताने पट्टा सोडला. चाक दोन-चार गिरक्या घेऊन थांबले. आणि आमच्या गल्लीत जे पसरले त्याला काय म्हणतात ते आम्हाला चटकन आठवेना.

"आता पायातलं," सुमतीबाई कठड्यावरून खाली उतरत म्हणाल्या.

ओट्याखाली चपलांचा ढीग झाला. बँडवाल्यांनी काळे बूट काढले. साहेब मात्र घोटाळले.

"बुटांनी काही फरक पडणार नाही. मी हलणार नाही."

"मुली असंच म्हणतात."

"अहो, पण…"

साहेबांची अडचण त्यांनी बूट काढल्यावर कळली. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, पूर्ण, स्वतंत्र. पुण्याकडचे साहेब आणि फाटका मोजा, हे दृश्य आम्ही डोळे भरून पाहिले, पण बोलायची बंदी होती. साहेबांनी उजवा पाय डाव्यावर ठेवला आणि बगळ्यासारखे उभे राहिले.

राहता राहिले चंपतराव. सगळे अनवाणी असताना एकटा पुढारी जोडे घालून उभा राहिला तर ते वेगळेच दिसते. त्यांनी जोडे काढले, हातात धरले आणि कठड्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभे राहिले. मासा नसल्याची खात्री सगळ्यांत जवळून त्यांनाच करून घ्यायची होती.

सुमतीबाईंनी गोळी पाण्यात सोडली.

काही झाले नाही. थंडीचा दगड तळपायांना लागत होता. कुठल्याशा घरात फोडणी चरचरली आणि तिला कुणीतरी हळूच झाकण घातले. झांजवाल्याची पंचाईत झाली होती. त्याच्या दोन्ही हातांत झांजा होत्या, त्या खाली ठेवल्या तर वाजल्या असत्या, म्हणून तो त्या दूर दूर धरून उभा होता, कुणाला मिठी मारायला निघाल्यासारखा. त्याच्या दंडाला कंप सुटला. मागच्या माणसाने पुढे होऊन एक झांज हळूच काढून घेतली.

सुमतीबाईंनी दुसरी गोळी सोडली. त्यांचा हात स्थिर होता, पण ओठ आत ओढलेले होते. मासा वर्षभर बघितला होता तो मंगळवारचा. रविवारी, इतक्या गोंगाटानंतर तो वर येईलच असे त्यांना कुणी लिहून दिले नव्हते. आज तो आला नाही तर संध्याकाळपर्यंत त्या जागी मुरूम असणार होता, त्याच्याखाली मासा असणार होता, आणि आठवीच्या मुलींना माशाच्या अंगावरची रेघ फळ्यावर खडूने काढून दाखवावी लागणार होती.

एक मुरमुरा बुडाला.

मग खालच्या काळोखाला कडा आली. मी स्वतः पाहिली. आधी वाटले, ढगाची सावली. पण सावली वळली आणि तिच्या कुशीवर उन्हाचा एक चट्टा लखलखला. मोठे डोके हळूहळू वर येऊ लागले. आणि नेमके त्याच क्षणी साहेब खाली बघत होते; त्यांचा उजवा पाय डाव्यावरून घसरला होता आणि अंगठा पुन्हा जगजाहीर झाला होता.

चंपतरावांनी मालगुजाराला पाहिले. मालगुजाराने तोंड उघडले. चंपतरावांनी साहेबांकडे पाहिले, साहेब मोज्यात गुंतलेले. आणि चंपतरावांनी अनवाणी टाच जमिनीवर दाणकन मारली.

दाणकन हा माझा शब्द. खरे म्हणजे आवाज काही झालाच नाही. त्या बाजूला दगड नव्हता, माती होती, अंगाला चरबी होती, गुप करून दबला. शेजारी उभ्या माणसालासुद्धा ऐकू आले नाही. पण पाणी फुटले. मालगुजार शेपटीचा एक फटका मारून खाली गेला आणि वर्तुळे दगडांवर आपटून परत फिरू लागली. मुरमुरे सगळे एका बाजूला जाऊन गोळा झाले.

साहेबांनी दचकून वर पाहिले. "काय झालं?"

"काही नाही, साहेब," चंपतराव म्हणाले. "पाणी हललं. हवा असन."

हवा नव्हती. बँडच्या झेंड्याची झालर सरळ लोंबत होती.

"मासा होता," मी म्हणालो. सगळेच म्हणाले. पण आम्ही गल्लीचे. आमचे म्हणणे रकान्यात बसत नव्हते.

"मला दिसला नाही," साहेब खिन्नपणे म्हणाले. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते, आणि त्याचीच आम्हाला भीती वाटली.

सुमतीबाईंनी उरलेल्या गोळ्या कठड्यावर ठेवल्या. त्या कठड्याला वळसा घालून चंपतरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चंपतराव, पाय का आपटला?"

"कुठं आपटला?"

"मी तुमच्याकडेच बघत होते. मुलींच्या बाबतीतही मी माशाकडे बघत नाही, मुलींकडे बघते."

चंपतरावांनी हातातले जोडे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "मुंगी चावली."

"एवढ्या थंडीत मुंगी?" रुखमाबाई म्हणाल्या. "कुठं आहे? दाखव बरं. तिले बी लिहून घेऊ, मृत की जिवंत."

"विहिरीत मासा नाही, असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंय," सुमतीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. फळ्यावरचे उदाहरण सोडवून घेतात तसा होता. "रिकामी विहीर आहे. मेलेलं पाणी आहे. मग पाय कुणासाठी आपटला?"

चंपतरावांनी तोंड उघडले. मोठे डोके, वर वळलेले तोंड. उत्तर आत कुठेतरी तळाशी होते, ते वर आले नाही.

पहिल्यांदा ट्रकचा ड्रायव्हर हसला. मग शामला हसली, सासूसमोर, तोंडाला पदर न लावता. झांजवाल्याने उरलेली एक झांज मांडीवर आपटली आणि त्याला बरे वाटले.

साहेबांनी चष्मा पुसला. विचार केला. "चंपतराव, तुम्ही पाय आपटल्याचं इथं कुणाला ऐकू आलं?"

कुणालाच आले नव्हते.

"मलाही नाही. पण खाली कुणालातरी कळलं." त्यांनी पेनाचे टोपण काढले. "रिपोर्टात मी काय लिहू? गृहस्थांना मुंगी चावली आणि पाणी घाबरलं?"

आणि त्यांनी जिवंत लिहिले. मग बूट घालायला इतक्या घाईने गेले की डाव्यात उजवा घातला.

मुरुमाचे काय करायचे हा प्रश्न ड्रायव्हरने सोडवला. परत नेणे त्याला मंजूर नव्हते. त्याने तो चक्कीपुढच्या चिखलात ओतला, जिथे बायका डबे घेऊन उभ्या राहायच्या. चंपतरावांनी पुढे त्याचे उद्घाटन केले.

बायकांनी मात्र त्या दिवशी दळण दिले नाही. डबे उचलून घरी नेले, आणि सोमवारी सकाळी महालात बऱ्याच घरी भात झाला. सोमवारीच दुपारी चंपतराव सुमतीबाईंच्या दारात आले.

"बाई, झालं ते झालं. बायाहीले सांगा, दळण आणा. मंगळवारी चक्की बंद असतेच तुमच्या पोरींसाठी."

"मंगळवारी आठवी अ असते," सुमतीबाई म्हणाल्या.

"मंग?"

"आठवी ब शुक्रवारी. तिला वर्षभर मासा दिसलेला नाही. शुक्रवारी तासभर चक्की बंद."

"बाई, एका मच्छीसाठी…"

"आणि पुढच्या वर्षी क तुकडी निघते आहे. ते आत्ता सांगून ठेवते."

चंपतरावांनी दाराची चौकट धरली आणि आवाज खाली आणला. ते काय म्हणाले ते मला माझ्या घरातून ऐकू आले नाही. पण शुक्रवारी आठवी ब आली तेव्हा फळीवरचे पेले जागेवर स्थिर होते. मुली चवड्यांवर विहिरीशी गेल्या. चक्कीच्या दारात चंपतराव पट्ट्यावर हात ठेवून उभे होते, तास संपायची वाट बघत, कपाळाला आठ्या. पायांत जोडे नव्हते. सुमतीबाईंनी ते पाहिले. पण वर्ग चालू असताना त्या कुणाशी बोलत नसत.